दुकानाची प्रत

टीप किती द्यावी याबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नसलं तरी ते तयार आहे. वीस टक्के. अंडी बरी असोत की करपलेली, कॉफी गरम असो की गार, वाढणारी बाई सकाळीच नवऱ्याशी भांडून आलेली असो, वीस टक्के. तेही टॅक्स धरून. माझा शेजारी हर्शेल टॅक्स वगळून हिशेब करतो आणि वर म्हणतो, "सरकारला कशाला टीप द्यायची?" असल्या माणसाशी मी गेली बावीस वर्षं कुंपणावरून बोलतो आहे, यावरून माझ्या सहनशक्तीची कल्पना यावी.

मी मर्ल कोल्ब. ओहायोतल्या आमच्या काउंटीच्या वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक होतो. पेट्रोलच्या पंपापासून खाटकाच्या काट्यापर्यंत सगळं मी तपासलेलं आहे. सरळ हाताने तोललेलं आणि अंगठा ठेवून तोललेलं यातला फरक मला दारातून कळतो. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून मी स्वतःला तपासत असतो, असं माझी बायको ग्लेंडा म्हणते.

पण या वीस टक्क्यांमागे एक जुनी जखम आहे, ती सांगून टाकतो. माझे वडील, ऑरिन कोल्ब, ओतकामाच्या कारखान्यात होते. पहाटे पाळीवर जाण्याआधी ते गावातल्या 'ब्लू केटल'मध्ये काउंटरवर बसून एक कप काळी कॉफी प्यायचे आणि उठताना दहा सेंटचं नाणं खाडकन आपटायचे. रोज तेवढंच. डॉक्टरांनी कॉफी बंद केली तेव्हाच ते नाणं बंद झालं. गावाने त्यांचं नाव 'दहा-सेंट कोल्ब' ठेवलं होतं. शाळेत पोरं माझ्या बाकावर नाणी आपटून पळायची. बाबा गेले तेव्हा एका गृहस्थाने दफनभूमीच्या फाटकात विचारलं, की शवपेटी उचलणाऱ्यांना दहा-दहा सेंट मिळणार आहेत का. मी हसलो, कारण दुसरं काय करणार? पण त्या दिवसापासून माझे वीस टक्के म्हणजे आमच्या घराण्याने गावाला सादर केलेलं शुद्धिपत्र आहे. कुणीही काढून बघावं, एक सेंट कमी निघणार नाही.

आता विचार करा, की अशा माणसाला एका शुक्रवारी संध्याकाळी आपल्याच कोटाच्या खिशात काय सापडावं.

झालं असं होतं. दर गुरुवारी सकाळी मी आणि हर्शेल ब्लू केटलमध्ये नाश्ता करतो. व्हर्ना वाढते. कार्डाने बिल दिलं की ती दोन चिठ्ठ्या आणते. एकीवर टीपचा आकडा लिहून, सही करून टेबलावर ठेवायची, ती दुकानाची प्रत. दुसरी आपण घरी न्यायची. त्या गुरुवारी हर्शेल त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता. हर्शेलचा गुडघा ही एक स्वतंत्र विद्याशाखा आहे. तो मांडी उघडी करून टाके दाखवायला लागला, मी घाईने लिहिलं, उठलो आणि निघालो. आणि शुक्रवारी खिशातून जी चिठ्ठी निघाली तिच्यावर माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: टीप तीन डॉलर, एकूण अठरा. खाली सही. सर्वात खाली छापलेलं: 'दुकानाची प्रत.'

म्हणजे टेबलावर कोरी चिठ्ठी राहिली होती. व्हर्नाला शून्य मिळालं होतं. बाबांनी निदान दहा सेंट तरी ठेवले असते.

"तीन डॉलर घे, उद्या जा, तिच्या हातात दे आणि 'चुकलो' म्हण," ग्लेंडा म्हणाली. ती त्या वेळी बटाटे सोलत होती आणि तिने मान वरसुद्धा केली नाही.

"इतकं सोपं नाहीये ते."

"मर्ल, इतकंच सोपं आहे ते."

ग्लेंडाला कळत नव्हतं. 'विसरलो' असं तर प्रत्येक कंजूष म्हणतो. रविवारी चर्च सुटल्यावर येणारे लोक वीस डॉलरच्या नोटेसारखी दिसणारी धार्मिक पत्रकं बशीखाली ठेवून जातात, तेही म्हणत असतील विसरलो. मला नोंद दुरुस्त करून हवी होती. गुरुवारच्या तारखेला, गुरुवारच्या बिलावर. एकतीस वर्षांची सवय आहे. चुकीचा काटा सापडला की त्याच काट्यावर शिक्का मारायचा.

शनिवारी मी गेलो. व्हर्नाची सुट्टी होती. गल्ल्यावर मालक कोस्टा होता. कोस्टा भला माणूस, पण त्याचा आवाज असा की त्याची कुजबुज पार्किंगपर्यंत जाते. आजूबाजूला चारपाच ओळखीची तोंडं अंडी खात बसली होती. त्यांच्यादेखत 'मी टीप दिली नाही' हे शब्द काही माझ्या तोंडातून फुटेनात.

"कोस्टा, गुरुवारच्या माझ्या बिलात एक छोटी दुरुस्ती करायची होती," मी हळूच म्हणालो.

"कसली दुरुस्ती, मर्लसाहेब?"

"तीन डॉलरची."

कोस्टाने माझ्याकडे बघितलं. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने गल्ला उघडला, तीन नोटा काढल्या, घडी केल्या आणि काउंटरखालून माझ्या हातात कोंबल्या. "घ्या. कुणाला कळणार नाही," तो म्हणाला, आणि दारापाशी बसलेल्या टपालवाल्याने मागे वळून बघितलं.

मी! परत मागायला! मी त्या नोटा त्याच्या अंगावर जवळजवळ फेकल्याच. कान तापले होते. गाडीत येऊन बसलो आणि ठरवलं, की या अडाण्याच्या नादी लागण्यापेक्षा थेट बँकेला फोन करावा.

बँकेची सतरा बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी बोलली. फार गोड आवाज. मी तिला म्हटलं, गुरुवारच्या पंधरा डॉलरचे अठरा करा.

"सर, तुम्हाला तीन डॉलर परत हवेत?"

"नको. जास्त द्यायचे आहेत."

पलीकडे बटणं वाजली. "सर, दुकानदाराने मागितलेत का?"

"त्याने नाही मागितले. मीच देतोय. तो उलट मलाच देत होता."

बटणं आणखी जोरात वाजली. "सर, आत्ता तुमच्या जवळपास कुणी आहे का? नुसतं हो किंवा नाही म्हणा."

मी वर पाहिलं. कोस्टा खिडकीच्या काचेला नाक लावून माझ्याकडे टक लावून बघत होता, हातात सुरी आणि अर्धवट कापलेला कांदा. "हो," मी म्हणालो, "एक माणूस बघतोय. सुरी आहे त्याच्या हातात. पण तो—"

"घाबरू नका सर. अगदी शांत राहा."

मी रागाने फोन ठेवला. रागाने फोन ठेवण्यात एकच तोटा असतो, पलीकडच्याचं पुढचं वाक्य ऐकायचं राहून जातं. ते किती महत्त्वाचं होतं हे मला पुढच्या गुरुवारी कळलं.

मधल्या दिवसांत गल्लीने सल्ले दिले. हर्शेल म्हणाला, "येत्या गुरुवारी दुप्पट दे. चाळीस टक्के. फिट्टंफाट. टॅक्स वगळून." पलीकडच्या मिसेस यानिक ब्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि तरुणपणी त्यांनी क्लीव्हलंडमधल्या हॉटेलात सव्वीस वर्षं टेबलं सांभाळली. त्या गुलाबाच्या फांद्या छाटत म्हणाल्या, "पोरा, शून्य मिळालं तर आम्ही समजायचो माणूस विसरला. दोन सेंट ठेवलेले दिसले, की समजायचो माणूस विसरलेला नाही. त्याला काहीतरी सांगायचंय. तेवढं मात्र आयुष्यात कधी करू नकोस." मी म्हणालो, मिसेस यानिक, मला काय वेड लागलंय?

गुरुवारी मी एकटाच गेलो. हर्शेलला मुद्दाम टाळलं. त्या गुडघ्यानेच हे सगळं घडवलं होतं. व्हर्ना आली, चष्मा गळ्यात साखळीला, पेन्सिल केसांत खोचलेली.

"काय राजा, नेहमीचंच ना?" ती म्हणाली. तिच्या आवाजात काही राग जाणवला नाही. उलट तिने टोस्ट दोनाऐवजी तीन आणले. मी मनात म्हटलं, थांब बाई, आज सहा डॉलर लिहितो, मग बघ.

ती कार्ड घेऊन गेली आणि परत आली ती फार हळू चालत. "राजा," ती वाकून म्हणाली, "कार्ड चालत नाहीये. मी तीनदा करून बघितलं."

बँकेतल्या त्या गोड मुलीने माझ्या भल्यासाठी माझं कार्ड बंद करून टाकलं होतं. पाकिटात बघितलं. अकरा डॉलर. "आलोच," म्हणून बाहेर धावलो आणि गाडीच्या खणातली पार्किंगची चिल्लर उपसली. परत येऊन टेबलावर मोजायला लागलो. आजूबाजूचे काटेचमचे थांबले होते. पंधरा डॉलर पुरे झाले आणि वर दोन नाणी उरली. मी मान खाली घालून दाराबाहेर पडलो. पायरीवर आलो तेव्हा मला मिसेस यानिक आठवल्या. ती दोन नाणी टेबलावरच होती. सेंट. दोन.

मी उलटा पळत आत गेलो. व्हर्ना टेबल पुसायला आली होती. तिच्या फडक्याखालून मी ते दोन सेंट झडप घालून उचलले आणि खिशात टाकले.

"राहिले होते," मी म्हणालो.

"हो," व्हर्ना म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "राजा, घरी सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम!" मी म्हणालो. तो शब्द नको तितक्या मोठ्याने निघाला.

नवीन कार्डाला दहा दिवस लागतील असं बँकेने कळवलं. मंगळवारी ग्लेंडाकडून वीसची नोट मागून घेतली, कागदी पाकिटात घातली आणि वर 'व्हर्नासाठी' असं लिहून निघालो. आता फक्त हातात द्यायचं, एक शब्द बोलायचा नाही. ग्लेंडा म्हणाली, "हे मी अकरा दिवसांपूर्वी सांगितलं होतं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

ब्लू केटलच्या गल्ल्यावर लोणच्याची एक मोठी काचेची बरणी ठेवली होती, धुवून पुसून. तिच्यावर कागद चिकटवलेला: 'आपल्या एका जुन्या गिऱ्हाइकाच्या कठीण दिवसांसाठी. नाव विचारू नका.' आत नोटा होत्या, बऱ्याच.

"कोण रे?" मी कोस्टाला विचारलं.

कोस्टा लालबुंद झाला. "नाव सांगायचं नाही असं ठरलंय, मर्लसाहेब."

मी विचार केला आणि मला चटकन कळलं. हर्शेल! ऑपरेशनचा खर्च, विम्याची रडकथा, टॅक्स वगळून टीप. बिचारा. आणि मी त्याला टाळत होतो. व्हर्ना आत स्वयंपाकघरात होती; काउंटरवर मात्र सात-आठ जण माझ्याकडेच बघत होते. मी 'व्हर्नासाठी' लिहिलेलं पाकीट फाडलं, वीसची नोट काढली आणि बरणीत टाकली.

"नको, मर्लसाहेब!" कोस्टा ओरडला. "तुम्ही नका टाकू!"

"का? मी का नको?" माझा आवाज चढला. "मी कोल्ब आहे म्हणून? अरे, दुसऱ्याच्या अडचणीत हात आखडणाऱ्यातला मी नाही. माझ्याकडे शेवटचे वीस असते तरी टाकले असते!"

टपालवाल्याने टोपी काढली. एक बाई रुमालात तोंड लपवून बाहेर गेली. आयुष्यात पहिल्यांदा ब्लू केटलमध्ये आमच्या आडनावाला असा मान मिळाला, आणि खरं सांगतो, मी गाडीपर्यंत छाती काढून चालत गेलो.

पुढचे तीन दिवस मी हर्शेलवर माया केली. ग्लेंडाने भाजलेला खिम्याचा मीटलोफ नेऊन दिला. त्याने त्याच संध्याकाळी आमच्याकडे ट्यूना घातलेल्या शेवयांचं भांडं आणून दिलं. मी त्याच्या अंगणातली पानं गोळा केली. दुसऱ्या दिवशी उठून बघतो तर तो लंगडत लंगडत माझी हिरवळ कापत होता. "पैसा काय, येतो-जातो," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो. "अगदी माझ्या मनातलं बोललास," तो म्हणाला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बावीस वर्षांत आम्ही इतकं गोड कधीच बोललो नव्हतो.

रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. दारात व्हर्ना, चर्चच्या कपड्यांत, हातात ती बरणी. मागे कोस्टा, हातात अख्खा भाजलेला हॅम. कुंपणापाशी हर्शेल आणि मिसेस यानिक, आपण सहज उभे आहोत असं दाखवत.

"मर्लसाहेब," कोस्टाने खाकरून सुरुवात केली, "माणसावर वेळ येते. त्यात लाज कसली? तीनशे बारा डॉलर आहेत. गाव तुमच्या पाठीशी आहे."

मी हर्शेलकडे बघितलं. हर्शेल माझ्याकडे बघत होता. माझ्या आधी ग्लेंडाला कळलं. ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि ॲप्रन तोंडावर घेऊन हसत सुटली, इतकी की कोस्टाला वाटलं रडते आहे. "रडू नका वहिनी," तो म्हणाला.

मी आत गेलो, टेबलाच्या खणातून ती चिठ्ठी आणली आणि व्हर्नाच्या हातात दिली. तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. टीप तीन डॉलर. सही. दुकानाची प्रत. तिने दोनदा वाचलं.

"टॅक्स धरून," मी कसाबसा म्हणालो.

"अरे गाढवा," व्हर्ना म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला राजा सोडून दुसरं काही म्हटलं. "त्या दिवशी कोरी चिठ्ठी बघितली आणि मी कोस्टाला म्हटलं, मर्ल आणि टीप नाही? घर गेलं असेल त्याचं. नाहीतर बायको तरी."

"मला वाटलं तुम्ही म्हणाल, दहा-सेंट कोल्बचा मुलगा शेवटी बापावरच गेला."

हे बोलायचं नव्हतं. बोलून गेलो. हर्शेलने खाली बघितलं. व्हर्नाने बरणीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि नोटांच्या तळातून चाचपडून एक नाणं काढलं. दहा सेंटचं, झिजून पार गुळगुळीत झालेलं.

"बरणी रिकामी ठेवू नये म्हणून हे मी पहिलं टाकलं होतं. हे तुला द्यायचं नव्हतं, परत घेणार होते," ती म्हणाली. "सतरा वर्षांची होते. केटलमधला पहिला दिवस, पहाटे साडेपाच. पहिलं गिऱ्हाईक तुझे बाबा. माझा हात असा कापत होता की अर्धी कॉफी बशीत सांडली. ते रागावले नाहीत. बशीतली कॉफी कपात ओतली, प्याले, आणि हे आपटलं. एवढ्या जोरात, की मी दचकले. मग म्हणाले, 'तुझे आहेत, पोरी. मालकाने विचारलं तर सांग, सगळ्या काउंटरने आवाज ऐकलाय.' पहिला मालक आमची टीप खिशात घालायचा ना. म्हणून आपटायचे ते."

मी नाण्याकडे बघत राहिलो. "पण दहाच सेंट, व्हर्ना. रोज."

"तेव्हा कॉफी केवढ्याला होती, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने हे कधी विचारलं नव्हतं.

"पंचवीस सेंट," व्हर्ना म्हणाली. "कर हिशेब. तुला येतो ना?"

दहा भागिले पंचवीस. शाळेतल्या पोराला जमेल असा हिशेब, पण मला तो पायरीवर बसून करावा लागला. गावाने पन्नास वर्षं ते नाणं पाहिलं होतं. बिल कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ग्लेंडा माझ्या शेजारी सरकून बसली आणि आता खरंच रडत होती, आणि एकटी नव्हती.

व्हर्नाने बरणीतून मोजून तीन डॉलर घेतले, दहा सेंटचं नाणं पर्समध्ये ठेवलं आणि झाकण लावलं. बरणी पुन्हा गल्ल्यावर जाईल, कुणाची ना कुणाची वेळ येतेच, असं ठरलं. माझे वीस त्यातच राहिले. मागायची हिंमत झाली नाही. हॅम मात्र आम्ही ठेवून घेतला आणि सगळ्यांनी मिळून संपवला. मिसेस यानिकना दोन सेंटची गोष्ट कळली तेव्हा त्यांना पाणी द्यावं लागलं.

पुढच्या गुरुवारी नवीन कार्ड घेऊन मी आणि हर्शेल आमच्या टेबलावर बसलो. व्हर्नाने दोन चिठ्ठ्या आणल्या आणि या वेळी कमरेवर हात ठेवून तिथेच उभी राहिली. मी आकडा लिहिला, सही केली आणि सवयीने ती चिठ्ठी खिशाकडे न्यायला लागलो.

"राजा," व्हर्नाने हात पुढे केला, "दुकानाची."

मी दिली. हर्शेलने मान लांब करून आकडा वाचला आणि त्याचा काटा बशीत पडला.

"पंधरावर सहा? चाळीस टक्के? अरे, वेड लागलं का तुला?"

"आमच्या घरात वडिलांपासून हेच चालत आलंय," मी म्हणालो, आणि कोट घातला.